लेकराला नाव ठेवण्याआधी



आपल्या चिकोडी भागातल्या सरकारी शाळांत पोरांना दुपारचं जेवण मिळतं, २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचं दूधही मिळतं. पोटाची सोय झाली. मनाचं काय? घरी आलं की आपण म्हणतो, "ढ आहेस, वांड आहेस." रोज ऐकून पोरगं तेच खरं मानतं आणि तसंच वागायला लागतं.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत. मुलांचा पसारा दिसला की रागावत नसत. स्वतः खोली झाडत, कपड्यांच्या घड्या घालत. ते बघून मुलं आपणहून आवरू लागत. आपण मात्र हातात मोबाइल धरून "अभ्यास कर" म्हणतो. ऐकेल कसं हो लेकरू?

मंडळी, आजपासून एवढी सेवा करा. सांजेला दिवा लावला की लेकराला जवळ घ्या. आज त्यानं केलेली एक चांगली गोष्ट त्याला सांगा. दप्तर भरलं, चप्पल जागेवर ठेवली, धाकट्याला सांभाळलं, काहीही असू दे. चुकलं तर चुकीबद्दल बोला, लेकराला नाव ठेवू नका. जपासारखं हेही नेमानं करा. गुरुचरणी हीच सेवा पोचेल.

राम कृष्ण हरि.