ओल कुठून येते?

जुलैत पावसाची झड लागली की जुन्या-नव्या इमारतींच्या भिंतींवर ओलीचे डाग उमटू लागतात. रंग फुगतो, पोपडे सुटतात, खाली पांढरी पूड दिसते. दिवाळीच्या तोंडावर पोपडे खरवडून पुट्टी भरली जाते, वर रंगाचे दोन हात मारले जातात आणि पुढच्या जुलैत डाग त्याच जागी परत येतो. खर्च दरवर्षी होतो, पण पाणी आले कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. ते गच्चीतून झिरपते, वरच्या न्हाणीघरातून उतरते, बाहेरच्या गिलाव्याच्या चिरेतून शिरते की पायातून भिंतीत चढते? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पांढरी पूड म्हणजे पाण्यात विरघळून बाहेर आलेले क्षार. पाणी उडून जाते, ते मागे राहतात. ती पूड पाण्याची वाट दाखवत असते आणि आपण तिच्यावर रंगाचा थर देऊन पाणी भिंतीतच कोंडतो. डाग पाझराचा आहे की कोंदट हवेचा, हे पाहायला तर जवळजवळ काहीच लागत नाही. भिंत पुसायची, तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि एक-दोन दिवसांनी पाहायचे. थेंब खोलीच्या बाजूने जमले तर दोष हवेतल्या बाष्पाचा; भिंतीच्या बाजूने जमले तर पाणी भिंतीत आहे. घराच्या डागडुजीत स्वतः हात घालावा असे मी म्हणतो ते याचसाठी. पैसे कधी वाचतात, कधी वाचत नाहीत. पण हात घातल्याशिवाय कारणापर्यंत पोहोचता येत नाही, आणि कारण न कळता केलेली दुरुस्ती, मग ती घरच्या हातांची असो की मजुरी देऊन करवलेली, दोष फक्त झाकते.

याचा सर्वांत कठोर पुरावा मराठवाड्यात आहे, आणि पहिल्या नजरेला तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्धच जातो. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली जुनी घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. माळवद गळू लागले की घरचीच माणसे त्यावर मातीचा नवा थर पसरत. सामान गावातले, हात घरचे, आणि त्या हंगामापुरती गळती खरोखरच थांबे. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले आणि अनेक घरांवर माती दीड-दोन फूट जाड झाली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा हे सगळे वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे ८ हजार माणसे गेली. दोष भिंतींचाही होता. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मध्ये लहान दगड-मातीची भर, आणि दोन्ही पदरांना जखडून ठेवणारे आरपार दगड फारच थोडे. हादऱ्यासरशी पदर एकमेकांपासून सुटले. माळवदावर माती टाकणाऱ्याने आळस केला नव्हता. थांबलेली गळती त्याला दिसत होती, डोक्यावर वाढत चाललेला भार दिसत नव्हता. म्हणजे स्वतः केले की ते चांगलेच, असे मानायला जागा नाही. पण या कहाणीचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली, आणि त्याखेरीज जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मूळ जागीच, घरमालकांच्या हाती सोपवून झाले. अभियंत्याने सल्ला द्यायचा, मदत मिळायची, काम मालकाने करायचे किंवा उभे राहून करवून घ्यायचे. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक झाल्या आणि ही माहिती घराघरांत पोहोचवू लागल्या. माळवदावरची माती उतरवायची, कारण तिचे वजन मारते. भिंतीत आरपार बांध घालायचे, कारण दोन पदर एकत्र हलले पाहिजेत. माणसे तीच होती, दगडमातीही तीच होती. बदलले ते एवढेच की कामासोबत त्याचे कारणही गावात आले.

कारण जाणणारा आणि हात चालवणारा यांची फारकत आपल्याकडे जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनाविषयी लिहिताना दाखवून दिले की ही व्यवस्था कामे वाटून थांबत नाही. ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि उतरंडीत बसवते. घरबांधणीत त्याचा परिणाम असा झाला की ज्याच्या बोटांना चुन्याची आणि लाकडाची जाण होती त्याला शाळा मिळाली नाही, आणि शाळा मिळालेल्याला थापी धरणे कमीपणाचे वाटू लागले. घराच्या आत हीच गोष्ट स्त्रियांच्या वाट्याला आली. भिंत लिंपताना मातीत शेण किती आणि भुसा किती, हे त्याच ठरवत. शेणातल्या आणि भुशातल्या तंतूंमुळे वाळताना मातीला भेगा कमी पडतात, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. त्याला ज्ञान म्हणायचे कोणाला सुचले नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली शाळेत कार्यानुभव असावा असे सांगितले, पण बहुतेक ठिकाणी तो शोभेच्या वस्तूंपाशी थांबला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम हा मोलाचा अपवाद. तिथल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले बांधकाम, वीज, शेती यांत प्रत्यक्ष काम करतात आणि गावाच्या उपयोगी पडतात. हा अभ्यास शहरातल्या शाळांतही का नसावा, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप पोटाचा आहे. सगळ्यांनी आपली कामे आपणच केली तर गवंडी, सुतार, प्लंबर यांनी खायचे काय? आक्षेप रास्त आहे, पण तो कारागिराचे खरे दुखणे चुकीच्या जागी शोधतो. नळाचा वायसर बदलण्यासारख्या कामाला यायला कुशल माणूस मुळात राजी नसतो. जाण्यायेण्यातच त्याचा अर्धा दिवस जातो. त्याचे खरे नुकसान अडाणी गिऱ्हाईक करते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावे लागते, आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्र सिमेंटसाठी, तसेच उष्ण, कोरड्या हवेत, किमान १० दिवस. सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला दहा दिवस मागणारा गवंडी वेळकाढू वाटतो, आणि काम तीन दिवसांत उरकून देणाऱ्याला मिळते. ज्याने एखादी पायरी स्वतः ओतली आहे, घाई केल्यावर तिची धूळ उडताना पाहिली आहे, तो पुढच्या खेपेला दहा दिवसांची मजुरी कुरकुर न करता देईल. चांगल्या कारागिराला असेच गिऱ्हाईक हवे असते.

धोक्याचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्याची सीमा कायद्याने फार समंजसपणे आखली आहे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, बटणे अशा गोष्टी, जोडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलता, बदलायला मोकळीक दिली. त्यापुढचे काम परवानाधारक ठेकेदाराकडे ठेवले. हीच रेषा इतर कामांनाही लावता येते. जे काम फसले तर आपल्यालाच थोडा भुर्दंड पडेल ते करून पाहावे. जे फसले तर कोणाचा जीव जाईल, जसे खांब-तुळईला हात लावणे, गॅसची नळी हलवणे, बाहेरच्या भिंतीवर दोरीने उतरणे, ते करू नये. आणखी एक आक्षेप मानसशास्त्रज्ञांनी पुढे आणला आहे. मायकेल नॉर्टन, डॅनिएल मोचॉन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले की माणूस स्वतः जोडलेल्या वस्तूची किंमत फुगवून सांगतो. स्वतः लावलेली वेडीवाकडी फरशी आपल्याला सरळ दिसण्याचा धोका त्यामुळे खरा आहे. पण पाणी असे लाड करत नाही. फरशीचा उतार चुकला तर ते मोरीकडे न जाता दाराकडे येते, आणि करणाऱ्याला आपली चूक मान्य करावी लागते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा प्रश्न मात्र एकट्याच्या हाताने सुटत नाही. आपल्या छतावरचा डाग वरच्या शेजाऱ्याच्या न्हाणीघराचा असतो, नाहीतर सगळ्यांच्या गच्चीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनीही खर्च तसाच वाटला आहे. संडास-मोरीची आतली गळती सभासदाने काढायची, गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतीतून येणारी संस्थेने. म्हणजे दुरुस्तीआधीच उगम ठरवावा लागतो, आणि नेमक्या तिथे वर्षानुवर्षे भांडणे चालतात. त्याच उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करायचे असते. अहवाल येतो, सर्वसाधारण सभेत वाचल्याविना मंजूर होतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून सळई गंजली की भोवतीचे काँक्रीट आतून फुटते. नुसता वरून गिलावा चढवला की तो पुन्हा पडतो. बाल्कनीचा पडलेला तुकडा ज्याने स्वतः खरवडून आतली सळई पाहिली आहे तो सभासद त्या सभेत उभा राहील. सळया कुठेकुठे उघडून तपासल्या, गंज घासून काढायचा आहे की नुसता झाकायचा, गच्चीत पाणी साठवून पाहिले का, आणि हे सगळे बाकी असताना बाहेरून रंग देण्याचा ठराव आधी का मांडला आहे, असे तो विचारील.