वैद्यवचनांचा विरोध आणि गृहस्थाचा धर्म

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन भगवंतांजवळ तक्रार करतो की, आपले बोलणे मला संमिश्र वाटते. ज्यायोगे माझे कल्याण होईल असे एकच काय ते निश्चित सांगावे. हा प्रश्न केवळ रणांगणावरचा नव्हे. ज्या घरी नुकतेच मूल जन्मले आहे आणि दोन वैद्यांनी दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्या घरचा गृहस्थही हेच विचारीत असतो.

भिलाईच्या कॅम्प-१ या वस्तीचा विचार करावा. १९५५ साली सोविएत देशाशी करार होऊन भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, तेव्हापासून नाना प्रांतांची कुटुंबे येथे पोटापाण्यासाठी आली. बाळंतिणीच्या खाटेभोवती म्हणूनच नाना प्रांतांचे शहाणपण गोळा होते. कोणी म्हणते मध चाटवा, कोणी म्हणते पहिला चीक पिळून टाका. त्यात रुग्णालयांची भर पडते. एक डॉक्टर सांगतात, अंगावरच्या दुधावाचून पाण्याचा थेंबही नको. दुसरे डब्यातील दुधाची पूड लिहून देतात. एकीकडे म्हणतात, सिकलसेलसाठी बाळाच्या टाचेचे रक्त आताच तपासा. दुसरीकडे म्हणतात, सहा महिन्यांनंतर या. गृहस्थ गोंधळतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो किंवा दोघांचेही सोडून देतो.

येथे आपली मीमांसा साह्यास येते. दोन वेदवाक्ये परस्परविरुद्ध दिसली तर एकास खोटे ठरविण्याची घाई मीमांसक करीत नाहीत. दोहोंचा विषय एकच आहे काय, ती एकाच अधिकाऱ्यासाठी सांगितली आहेत काय, हे ते आधी पाहतात. आणि सामान्य नियम कोणता व अपवाद कोणता, हे ठरवितात. पुष्कळसा विरोध एवढ्यानेच मावळतो.

सिकलसेलच्या तपासणीचेच पाहा. छत्तीसगढ आणि विदर्भ या दोन्ही भागांत हा रक्तदोष पुष्कळ आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. नवजात अर्भकाच्या रक्तात गर्भावस्थेतील रक्तद्रव्य भरपूर असते. त्यामुळे रक्त द्रावणात मिसळून गढूळपणा पाहण्याची साधी चाचणी या वयात विश्वसनीय नसते. ती सहा महिन्यांनंतरच करणे योग्य. परंतु रक्तद्रव्याचे घटक यंत्राने वेगळे करून पाहणारी चाचणी जन्मानंतर लगेचही करता येते, आणि तिचा लाभ मोठा आहे. रोगी बालक पहिले काही महिने निरोगीच दिसते; दोष आधी कळला तर जंतुसंसर्गापासून रक्षणासाठी पेनिसिलिन आणि लसी वेळेवर देता येतात. म्हणजे “आता” म्हणणारा आणि “नंतर” म्हणणारा हे दोघेही कदाचित खरे. चाचण्याच दोन आहेत. “कोणती चाचणी?” एवढा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून विरोध भासला.

दुधाच्या बाबतीत उत्सर्ग आणि अपवाद यांचा न्याय लागतो. जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजावे, चीक टाकू नये, सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, हा सामान्य नियम जागतिक आरोग्य संघटनेने सांगितला आहे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, ते स्वाभाविक होय. तथापि बाळाच्या रक्तातील साखर फार उतरली, ते फार अशक्त असले, किंवा आईच्या दुधातील शर्कराच पचू नये असा क्वचित आढळणारा जन्मजात दोष असला, तर अपवाद करावा लागतो. परंतु अपवादाला निमित्त दाखवावे लागते. म्हणून पूड लिहून देणाऱ्यास नम्रतेने विचारावे: या बाळात असे काय दिसले? हे किती दिवस? काय दिसले म्हणजे थांबवावे? १९९२ च्या कायद्याने अशा पुडीच्या जाहिरातीस आपल्या देशात बंदी आहे, हेही ध्यानात असावे.

आणि मध? सुश्रुतसंहितेत पहिल्या दिवसांसाठी मध-तुपाचे विधान आहे, हे खरे. परंतु तेथेच कारणही दिले आहे की, मातेला दूध तीन-चार रात्रींनी येते. आज आपणांस कळले आहे की, त्याआधी येणारा चीक हाच बाळाचा आहार होय. आणि मधातील जंतुबीजांमुळे वर्षाखालील बालकाचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. वैद्यक हे दृष्टार्थ शास्त्र आहे. ज्या हेतूने वचन सांगितले तो हेतूच प्रत्यक्षाने मोडला, तर वचनाला चिकटणे ही शास्त्रनिष्ठा नव्हे.

अज्ञानाहूनही वाईट असा एक अधर्म येथे घडतो. तपासणीत दोष निघाला की सुनेच्या रक्ताला बोल लावला जातो. वस्तुतः सिकलसेलचा रोग बालकास तेव्हाच होतो, जेव्हा त्याचे बीज आई आणि बाप दोघांकडूनही येते. त्या भयाने तपासणीच टाळणे म्हणजे कुळाची अब्रू राखण्यासाठी कुळाचा अंकुर पणास लावणे होय. आणि जिच्या अंगावर बाळ पिते, तिलाच या साऱ्या खलात कोणी विचारीत नाही, हेही तितकेच अनुचित.

ज्ञान्यांकडून ज्ञान मिळविण्यासाठी गीतेने प्रणिपात आणि सेवा यांच्याबरोबर परिप्रश्नही सांगितला आहे. हात जोडून प्रश्न विचारणे हा अविनय नव्हे. आणि त्याचे कारणासह उत्तर देणे हा वैद्याचा स्वधर्म होय. सर्व उपदेश करून झाल्यावर भगवंतांनीही अर्जुनाला अखेर हेच सांगितले की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर. निर्णयाचा भार त्यांनी त्याच्यावरून काढून घेतला नाही.

तेव्हा गृहस्थाने विचारावे, बाळाच्या मातेसह विचार करावा, बाळाचे हित एवढीच कसोटी ठेवावी, आणि ठरले ते वेळ न दवडता करावे. फळ आपल्या हाती नाही. परंतु विचारणे आपल्या हाती आहे, आणि ते न करणाऱ्याला निष्काम म्हणता येत नाही.