‘नाही’ म्हणण्याचे धैर्य

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने घरादारांतून उखडून सैबेरियाकडे हाकललेली ही कॅथलिक कुटुंबे. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. त्याच राजवटीने १९४० साली कातिनच्या अरण्यात व अन्यत्र सुमारे २२,००० पोलिश अधिकारी व नागरिकांना गोळ्या घातल्या. मराठी मातीने आश्रय दिलेल्या त्या राष्ट्राचे हे दुःख आपल्याला अगदीच परके नाही.

कातिनच्या सत्तराव्या स्मृतिवर्षी, १० एप्रिल २०१० रोजी, पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की हवाई दलाच्या तुपोलेव विमानाने श्रद्धांजलीसाठी रशियातील स्मोलेन्स्कला निघाले. सोबत त्यांच्या पत्नी, सेनाप्रमुख, राष्ट्रीय बँकेचे प्रमुख, लोकप्रतिनिधी व लष्कराचे बिशप होते. विमानतळावर दाट धुके होते. अशा हवेत विमान अचूक उतरवण्यास लागणारी यंत्रणा तेथे नव्हती. तरीही विमान खाली खाली येत राहिले, झाडांना धडकले आणि ९६ जणांपैकी एकही वाचला नाही. सुरक्षित उंचीच्या मर्यादेखाली विमान नेले गेले आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणातही उणिवा होत्या, असा निष्कर्ष पोलिश चौकशी आयोगाने २०११ मध्ये काढला. पुढे त्या देशात घातपाताचे आरोपही झाले आणि मृतांवरून राजकारण पेटले.

वैमानिकांवर दडपण होते काय, याविषयी रशियन व पोलिश अहवालांत एकवाक्यता नाही. पण एक पूर्वघटना विचार करायला लावते. ऑगस्ट २००८ मध्ये जॉर्जियातील युद्धकाळात हेच राष्ट्राध्यक्ष तिबिलिसीला निघाले असता वैमानिकाने तेथे उतरणे धोक्याचे ठरवले आणि विमान अझरबैजानमधील गांजा येथे उतरवले. पुढचा प्रवास मोटारीने करावा लागला. राष्ट्राध्यक्षांनी आपली नाराजी लपवली नाही. संरक्षण मंत्र्यांनी मात्र त्या वैमानिकाला पदक दिले. त्या उड्डाणातला सहवैमानिक २०१० मध्ये मुख्य वैमानिक होता. त्याच्या मनात काय चालले होते, हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे त्याने जवळून पाहिले होते, एवढे खरे.

‘नाही’ म्हणणाऱ्याची अडचण अशी की, तो बरोबर होता हे कधीच सिद्ध होत नाही. टळलेला अपघात कोणाला दाखवता येत नाही. दिसतो तो केवळ झालेला उशीर. म्हणून पुढे जाणारा शूर ठरतो आणि मागे फिरणारा भित्रा. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र विवेकाला इतर सद्गुणांचा मार्गदर्शक मानले आहे. विवेक सुटला की धैर्य हे धैर्य उरत नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभू येशूने नकार दिला, तो काही भीतीपोटी नव्हे. देवावर विश्वास ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे.

हा प्रश्न केवळ राष्ट्राध्यक्षांचा नाही. सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात भर पावसात लग्नाची जीप निघाली आहे आणि ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहते आहे. पुढच्या आसनावरचे वडीलधारे म्हणतात, ‘घाल रे गाडी, मुहूर्त टळेल.’ चालक पोरसवदा, त्याची मजुरी त्यांच्याच हाती. कित्येकदा तर त्यांना बोलावेही लागत नाही. मोठ्या माणसाच्या कपाळावरची आठी पुरेशी असते.

अशा वेळी चालकाने धीर धरावा, असा उपदेश सोपा आहे. आमच्या मते आधीचे कर्तव्य मागे बसणाऱ्याचे आहे. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने आपल्या हाताखालच्या माणसाला नकाराची मोकळीक देणे, हा न्यायाचाच भाग आहे. आणि ती निघण्यापूर्वीच द्यावी लागते, कारण ऐन वेळी ती मागण्याचे बळ दुबळ्याजवळ नसते. तेव्हा गाडीत बसताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी चालकाला एवढेच सांगावे : ‘बाळा, तुला धोका वाटला तर गाडी मागे वळव. आम्हाला उशीर झाला तरी कोणी तुला बोल लावणार नाही.’ आणि खरोखरच उशीर झाला, तर तो शब्द पाळावा.