राजाची स्वारी गेली, त्याला कळलंच नाही

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आजचं चिंतन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांतला एक म्हणजे बाण तयार करणारा कारागीर. तो बाण सरळ करण्यात इतका गढून गेला होता की शेजारून राजाची स्वारी गेली, तरी त्याला पत्ता नाही. मन एका ठिकाणी कसं लावावं, हे मी त्याच्याकडून शिकलो, असं अवधूत म्हणतात. नाथमहाराजांनी याच स्कंधावरची आपली टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली. आमच्या घरी तिचं वाचन वडिलांपासून चालत आलंय. हा नववा अध्याय मी कितीदा वाचला असेल, गणती नाही.

पण परवा रात्री त्याचा अर्थ लागला, आणि लाज वाटली.

वाडीत पालखीला उभा होतो. हात जोडलेले, तोंडानं पदं चाललेली. मनात मात्र थोरल्या भावाशी झालेलं भांडण. शेताच्या बांधावरून आमचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली. तो काय म्हणाला, मी काय म्हणायला हवं होतं, कोर्टाची पुढची तारीख कधी... भानावर आलो तेव्हा पालखी पुढे निघून गेली होती. माझ्यासमोरून महाराज गेले आणि मला कळलं नाही!

म्हणजे बघा, एकाग्रता माझ्याकडेही आहे. त्या कारागिराइतकीच आहे. फक्त बिंदू चुकलाय.

सुट्टीला आलेली भाची धनुर्विद्या शिकते. बांबूचं साधं धनुष्य, त्यावर नेम धरायचं यंत्र नाही. मी म्हटलं, "मग नेम कसा धरतेस गं?" तर म्हणाली, "मामा, आधी मी सगळ्या गोलाकडे बघायचे. बाण कुठंही जायचा. सर म्हणाले, गोलाकडे बघू नको, पिवळ्याकडेही नको. पिवळ्यातला एक ठिपका निवड आणि त्यालाच बघ. बाणाच्या टोकाकडेही बघायचं नाही."

आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा वय सतरा. अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण. तिचा खेळ आधुनिक धनुष्याचा, पण पन्नास मीटरवरून दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचं. तिथं 'साधारण मधे' मारून चालत नाही.

मुंडकोपनिषदात ॐकार हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य सांगितलंय. आपण ते वाचतो, मान डोलावतो. पण माझ्यासारख्यानं एकदम ब्रह्माकडे नेम धरणं म्हणजे अख्ख्या गोलाकडे बघणं. "सगळ्यांशी प्रेमानं वागेन", "मन शुद्ध करीन" हेसुद्धा तसंच. कुठंच लागत नाही, आणि चुकलं हेही कळत नाही. ठिपका बारीक असला की चुकलेलं लगेच दिसतं, म्हणून तर तो आपण टाळतो.

काल पहाटे संगमावर स्नान करून पादुकांसमोर बसलो. रोजची माळ बाजूला ठेवली. एकच ठिपका निवडला : आज दादाला फोन करायचा. बांधाबद्दल नाही, त्याच्या गुडघ्याच्या दुखण्याबद्दल विचारायचं.

फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. मन लगेच म्हणालं, "बघ, मी सांगत होतो." हेच ते बाणाच्या टोकाकडे बघणं! दुपारी पुन्हा लावला. दादा एवढंच म्हणाला, "बरा आहे. तू जेवलास का?"

बांध आहे तिथंच आहे. तारीखही आहे. पण रात्री पालखी आली तेव्हा मला ती दिसली.

वाचकहो, तुम्हीही आज मोठा संकल्प करू नका. एक ठिपका निवडा, आणि तो संध्याकाळच्या आत गाठता येईल एवढा जवळचा असू द्या. बाण लागला नाही तर उद्या पुन्हा ओढा. धनुष्य महाराजांनी काढून घेतलेलं नाही.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥