थंड माग

(वाचावें : गणना, अध्याय १३ व १४, यहोशवा, अध्याय १४.)

शास्त्रांत कुत्र्याचें नांव बहुधा तिरस्कारानेंच आलें आहे, आणि आपल्या बोलींतहि ती शिवीच आहे. तथापि एका कुत्र्याच्या थडग्यापाशीं आज आपण क्षणभर थांबूं या.

अमेरिकेंतील आलाबामा प्रांतांत की अंडरवुड नांवाचा शिकारी होता. त्याच्या कुत्र्याचें नांव ट्रूप. हे दोघे रॅकूनची शिकार करीत. रॅकून हा मांजराहून कांहींसा मोठा, तोंडावर काळा पट्टा व शेपटीवर कडीं असलेला निशाचर प्राणी. तो मक्याच्या शेतांत शिरून नासाडी करितो, आणि पाठलाग झाला म्हणजे झाडावर चढतो. पंधरा वर्षें धन्याची सोबत करून ट्रूप मेला, तेव्हां ४ सप्टेंबर १९३७ रोजीं धन्यानें त्याला कापूस वेंचण्याच्या झोळींत गुंडाळून शिकारीच्या तळावरच पुरलें, आणि जुन्या धुराड्याच्या दगडावर स्वतः त्याचें नांव कोरिलें. पुढें इतर शिकाऱ्यांनींहि आपलीं कुत्रीं तेथें पुरलीं. आज तेथें शेंकडों थडगीं आहेत. परंतु हें खरोखर रॅकूनच्या शिकारीचें कुत्रें होतें, अशी साक्ष मिळाल्यावांचून तेथें जागा मिळत नाहीं.

अशा कुत्र्याचे गुण तीन. पहिला हा कीं, त्याला थंड माग लागतो. ताजा माग कोणतेंहि कुत्रें धरील. परंतु सावज जाऊन कित्येक तास लोटले, वास जवळजवळ विरला, तरी ट्रूप तो माग धरी. दुसरा गुण, वाटेंत हरिण आडवें गेलें तरी तो धरलेला माग सोडीत नाहीं. तिसरा, तो झाडाखालीं उभा राहून धनी येईपर्यंत हांक देतो. वर चढणें त्याचें काम नव्हे. आणि रिकाम्या झाडाखालीं तो भुंकत नाहीं, कारण अंधारांत धनी त्याच्या आवाजावरच विश्वासून येत असतो.

आतां कालेबाकडे पाहा. इब्री भाषेंत त्याच्या नांवाचीं व्यंजनें कुत्रा ह्या शब्दाचींच आहेत. चाळिसाव्या वर्षीं त्यानें वचनदत्त देश पाहिला. दहा हेर भ्याले, पण तो व यहोशवा भ्याले नाहींत. त्यानंतर पंचेचाळीस वर्षें लोटलीं. त्याच्या पिढीचे लोक रानांत मेले. वचनाचा माग किती थंड झाला असेल! तरी पंचायशीं वर्षांच्या ह्या म्हाताऱ्यानें जिकडे अनाकी लोक राहत तोच डोंगर मागितला, आणि हेब्रोन त्याचें वतन झालें. तो पूर्णपणें परमेश्वरामागें चालला, हीच त्याच्याविषयींची साक्ष.

बाप्तिस्म्याच्या दिवशीं माग ताजा असतो. पुढें दुष्काळ येतो, सोयरे तुटतात, उपासनेला चारच माणसें जमतात, आणि उपदेशक मनांत म्हणतो, आतां कांहीं उरलें नाहीं. बंधो, पहिली ऊब गेली म्हणून वाट चुकली असें समजूं नको. खाली मान घालून आजच्या पुरता माग काढ. जें तुला ठाऊक नाहीं तें मोठ्यानें सांगूं नको. जें ठाऊक आहे तें सांगत उभा राहा. धनी तुझा आवाज ओळखतो व अंधारांतून येत आहे.

ज्या नांवानें लोक तुम्हांस हिणवितात, तशाच नांवाच्या मनुष्याला देवानें डोंगर दिला. तोच देव तुम्हांस शेवटपर्यंत मागें चालण्याचें बळ देवो. आमेन.