राडारोड्यावरचे रान

बर्लिनच्या पश्चिमेला, ग्रूनेवाल्डच्या जंगलात टॉयफेल्सबर्ग नावाची टेकडी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंच, झाडांनी भरलेली. ही टेकडी निसर्गाने घडवली नाही. दुसऱ्या महायुद्धात कोसळलेली घरे तिच्या पोटात आहेत. ज्या विटा शाबूत निघाल्या, त्यांचा चुना खरवडून त्या पुन्हा बांधकामाला लावल्या गेल्या. ज्यांचा कशालाच उपयोग उरला नव्हता, ते तुकडे इथे आले. १९५० पासून वीस वर्षांहून अधिक काळ ते येत राहिले. मग वर माती पसरली, रोपे लावली. आणि सगळ्यांच्या तळाशी नाझींच्या लष्करी तंत्रविद्यालयाची अर्धवट इमारत आहे. तिची पायाभरणी १९३७ मध्ये खुद्द हिटलरने केली होती.

अशा जागेवर माती ओढणे म्हणजे विसरण्याची सोय करणे, अशी शंका येते, आणि ती रास्त आहे. पण माती खालचे सगळेच दडवत नाही. बर्लिनची मूळची जमीन रेताड, बरीचशी आम्लधर्मी. गिलाव्यातल्या चुन्याने हा राडारोडा अल्कधर्मी केला, विटांच्या छिद्रांनी ओल धरून ठेवली. त्यामुळे शहराच्या पडझडीवर वेगळीच वनस्पती रुजली. हर्बर्ट सुकॉप यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने तिचा आस्थेने अभ्यास केला. उत्तर अमेरिकेतून आलेला रॉबिनिया तिथे फोफावला. हे झाड शेंगवर्गातले. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. हरभऱ्याचा बेवड जमिनीला काय देतो हे जाणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्याची किमया वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. उद्ध्वस्त घरांच्या चुन्याने बदललेली जमीन अशी वर उगवलेल्या रानातून दिसत राहते.

पण हे वाचायला जाणकाराची नजर लागते. श्टुटगार्टने इतरांचाही विचार केला. तिथल्या बिर्केनकोप्फ टेकडीवर १९५३ ते १९५७ या काळात त्याच युद्धात पडलेल्या शहराचे अवशेष रचले गेले. तिची उंची सुमारे ४० मीटरने वाढली. उतारांवर आज झाडी आहे. माथा मात्र उघडा ठेवला आहे: नक्षीचे दगड, दर्शनी भिंतींचे तुकडे, वर माती न टाकता. जिवंत माणसांना सावली हवी, म्हणून उतारांवर माती टाकणे योग्यच होते. पण टॉयफेल्सबर्गवर खेळणाऱ्या मुलाला पायाखाली काय आहे ते कुणी तरी सांगावे लागते. बिर्केनकोप्फवर ते त्याच्या हाताला लागते. मला श्टुटगार्टचा निर्णय अधिक शहाणा वाटतो.