तेवीस नंबर, उभा राहा

चहा येईल नंतर. आधी उभा राहा. आयटीआय सोडून तुला नऊ वर्षं झाली, दुकानावर 'सीसीटीव्ही, इंटरकॉम, इन्व्हर्टर' अशी पाटी लागली, स्कूटरच्या मागे शिडी बांधून हिंडतोस. तरी माझ्या हजेरीपटात तू तेवीस नंबरच आहेस.

काल समोरच्या आजींकडे गेलो होतो. त्यांच्या डीव्हीआरपुढे स्टुलावर दोन तास बसलो. या वयात माझे गुडघे धरले ते तुझ्यामुळे.

त्यांची मुलगी टोरंटोला असते, हे तुला माहीत आहे. कॅमेरे तिनेच तर लावून घेतले. तिकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्या मिरजेत सकाळचे साडेसहा. मोबाइलवर ती फाटकाचा कॅमेरा उघडते. आईनं दुधाची पिशवी आत घेतलेली दिसली की तिचा दिवस संपतो. अकरा दिवस तिला ते दिसलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. "सर, आईनं दूध आत घेतलंय का, जरा बघता?" मी चष्मा शोधत फाटकापर्यंत गेलो. सातासमुद्रापलीकडच्या लेकीनं दुधाच्या पिशवीसाठी शेजारच्या मास्तरला उठवावं, आणि का, तर तू एक आकडा बदलायला विसरलास.

आकड्यावर येतो. आधी तू काय काय केलंस ते ऐक. आजी म्हणाल्या, "तो मोबाइलमधलं ते चित्र पुसायचा, परत आणायचा." म्हणजे चार वेळा अ‍ॅप काढलंस आणि चार वेळा टाकलंस. मग डीव्हीआर बंद-चालू. मग राउटर बंद-चालू. मग निकाल दिलास की डीव्हीआर जुना झाला, नवा घ्यावा लागेल, साडेसहा हजार. अरे, पंखा फिरत नाही म्हणून घराचं वायरिंग बदलायला सांगणारा वायरमन आणि तू यांत फरक काय? वर्कशॉपमध्ये मी काय घोकून घेतलं होतं? वीज कुठवर पोचते ते आधी बघ. स्विचपर्यंत आहे का, रोझपर्यंत आहे का, कपॅसिटरपर्यंत आहे का. जिथं थांबली तिथं बोट ठेव. कॅमेऱ्याच्या चित्राचं काय वेगळं असतं? कॅमेऱ्यापासून डीव्हीआर, डीव्हीआरपासून राउटर, राउटरपासून कंपनीची लाइन, तिथून जग, जगातून टोरंटो. कुठे थांबलं, हे एकदा तरी पाहिलंस?

उलट तू केलंस काय, तर आजींच्याच घरात, त्यांच्याच वायफायवर तुझा मोबाइल लावलास आणि म्हणालास, "दिसतंय की आजी!" दिसणारच. तू घरातच बसला होतास. मुलगी घरात बसली आहे का? खिशातला मोबाइल काढायचा, वायफाय बंद करायचं, मोबाइल डेटावर बघायचं. एवढं केलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं, की घरात दिसतं आणि बाहेर दिसत नाही. म्हणजे कॅमेरे ठीक, डीव्हीआर ठीक, हार्ड डिस्क ठीक. रस्ता उंबऱ्याशी अडला आहे. साडेसहा हजार तिथंच वाचले असते.

आता तो आकडा. जुनी लाइन तांब्याची होती, टेलिफोनवाली. तिचा राउटर १९२.१६८.१.१. नवी फायबर आली, तिचा राउटर १९२.१६८.१००.१. जुन्या पत्त्यावरचा डीव्हीआर नव्या राउटरला दिसेना, म्हणून तू डीव्हीआरचा आयपी हातानं बदललास. शाबास, इतकं तरी आलं. पण त्याखालच्याच ओळीत गेटवे असतो. तो तसाच ठेवलास, १९२.१६८.१.१. जे दार फायबरवाल्यानं काढून नेलं, त्याच दारानं बाहेर जा असं त्या बिचाऱ्या यंत्राला सांगून ठेवलंस. घरातल्या घरात गेटवे लागतच नाही, म्हणून तुला दिसलं. बाहेर पडायची वेळ आली की यंत्र भिंतीवर डोकं आपटत बसायचं. एका ओळीत 'एक' होता, तिथे मी 'शंभर' घातले. अर्ध्या मिनिटात डीव्हीआरच्या पडद्यावर 'ऑनलाइन' आलं.

घड्याळही त्याच पापातलं. फायबरवाल्यानं प्लग काढला, आतला बटणासारखा सेल मेलेला, म्हणून तारीख गेली १ जानेवारी २००० वर. इंटरनेट असतं तर यंत्रानं वेळ आपोआप दुरुस्त करून घेतली असती. गेटवे चुकीचा, म्हणून तेही नाही. अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग २००० सालात जमा झालंय. उद्या त्या घरात चोरी झाली, तर फौजदाराला काय दाखवणार? चोर पंचवीस वर्षांपूर्वी आला होता म्हणून? सेल मी बदलला. सीआर२०३२. पैसे तुझ्याकडून घेणार आहे.

मान खाली घालू नकोस, इथपर्यंतचं सगळं माफ आहे. गेटवे कुणीही विसरतो, मीही एकदा विसरलोय. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

नव्या राउटरचं पान उघडलं, तर तू त्यात चार पोर्ट उघडून ठेवलेले. त्यानंही भागलं नाही म्हणून डीएमझेड चालू करून सगळं त्या डीव्हीआरकडे वळवलेलं. डीएमझेड म्हणजे काय, सांग. नाही येत. मी सांगतो. बाहेरून जो कुणी येईल, ज्या दारानं येईल, त्याला कुलूप न बघता थेट या यंत्रापाशी आणून सोडा, असा राउटरला दिलेला हुकूम. शिवाय तो हुकूम फुकट गेला, कारण तू त्याच पानावर वर लिहिलेला पत्ता वाचला नाहीस. राउटरचा बाहेरचा, वॅनचा पत्ता १०० पासून सुरू होतो, पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला. तो बघितला की पोर्ट उघडायचा नाद सोडायचा. जगात आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, माणसं त्याहून जास्त, आणि एकेका घरात मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप मिळून पाच-सात यंत्रं. पत्ते पुरेनात, म्हणून २०१२ साली हा १०० चा पट्टा राखून ठेवला गेला. शेकडो गिऱ्हाइकांना आत असे खासगी पत्ते वाटायचे आणि बाहेर सगळ्यांसाठी एकच पत्ता दाखवायचा. मोठ्या चाळीसारखं समज. बाहेरच्याला फक्त चाळीचा पत्ता माहीत, खोली नंबर कुणालाच नाही. तू आपल्या खोलीचं दार सताड उघडं टाकलंस तरी पोस्टमन चाळीच्या फाटकातूनच परत जाणार. आजींच्या राउटरवर शंभर पोर्ट उघडलेस तरी टोरंटोहून कुणी आत येत नाही.

पण जुन्या लाइनीला ही चाळ नव्हती. तिला सरळ रस्त्यावरचा पत्ता होता, आणि तीन वर्षं तू तिथं हीच दारं उघडी ठेवली होतीस. डीव्हीआरची नोंदवही मी उघडली. 'लॉग' म्हणतात तिला, मेन्यूत असते, तू कधी पाहिली नसशील. रात्री दोन, अडीच, तीन. 'चुकीचा पासवर्ड', 'चुकीचा पासवर्ड', पानंच्या पानं. पत्ते कुठले कुठले. मधेमधे 'लॉगिन यशस्वी'. ती लॉगिनं मुलीची, तुझी, का आणखी कुणाची? सांगता येत नाही. कारण सगळे एकाच 'अ‍ॅडमिन' नावानं आत शिरतात, आणि पासवर्ड काय, तर अ‍ॅडमिन, अ‍ॅट, वन टू थ्री. आजींच्या घरी तोच, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तोच, माझ्या मेव्हण्याच्या गोठ्यातही तोच; मी काल फोन करून विचारलं. मोठ्याने हसला तो. म्हणाला, "तो सगळ्यांकडे तोच टाकतो, विसरायला नको म्हणून."

२०१६ सालचं मिराई ऐकलंस का? मिरज नव्हे, मिराई. जपानीत त्याचा अर्थ भविष्य. तो एक व्हायरस होता. जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर, राउटर हुडकत फिरायचा आणि कारखान्यातून आलेली साठेक नावं-पासवर्ड एकामागून एक लावून बघायचा. जिथं लागलं ते यंत्र त्याचं. २१ ऑक्टोबरला अशा लाखभर यंत्रांनी मिळून डाइन नावाच्या कंपनीवर मारा केला. ती कंपनी संकेतस्थळांची नावं पत्त्यांत बदलून देणारी. तिची वाट तुंबल्यावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स लोकांना उघडेनात. आणि मिराई कुठल्या दारानं शिरायचा? टेलनेटच्या. टेलनेटचा पोर्ट नंबर किती? तेवीस. हसू नकोस, तुझाच नंबर आहे, म्हणून तरी लक्षात राहील.

फायबर आली आणि मुलगी बाहेर अडकली, म्हणून सगळे फायबरला शिव्या देतायत. त्याच दिवशी रात्री अडीचची ती परकी मंडळीही बाहेर अडकली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुझ्या हातून न झालेली राखण चुकून का होईना त्या चाळीनं केली.

अजून उभाच राहा. मुख्य गोष्ट पुढेच आहे.

यंत्र ऑनलाइन आलं, म्हणून मी मुलीला फोन लावला. म्हटलं, पोर्टबिर्ट विसर, डीव्हीआरच्या पडद्यावरचा क्यूआर कोड तुझ्या अ‍ॅपमधून स्कॅन कर. यात डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो आणि ती लाइन धरून ठेवतो. बाहेरून कुणाला दार ठोठावावं लागत नाही, त्यामुळे चाळ असली काय नि नसली काय. मी इकडून व्हिडिओ कॉलवर कोड दाखवला. तिनं स्कॅन केला. तिच्या मोबाइलवर आलं, 'हे यंत्र आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेले आहे.' खाली खात्याचा मोबाइल नंबर, मधले आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसतायत. तिनं मला वाचून दाखवले.

ते चार आकडे माझ्या फोनमध्ये आहेत, लेका. तुझ्या नावापुढे.

म्हणजे तीन वर्षांपूर्वी हा सोपा, बिनदाराचा रस्ता तुला माहीत होता. स्वतःसाठी तू तोच घेतलास. आणि जिनं पैसे मोजले तिच्या वाट्याला उघडे पोर्ट. "सर्व्हिसिंगला बरं पडतं" म्हणणार असशील तर तोंड उघडू नकोस. त्या ओसरीवर आजी सकाळी केस विंचरत बसतात. दुपारी तिथंच कलंडतात. त्यांना कुणी विचारलं होतं, की हे तुझ्या खिशातही दिसलेलं चालेल का? तू बघतोस असं मी म्हणत नाही. तू तसला नाहीस, तुझ्या आईला मी ओळखतो. पण बघू शकतोस, आणि त्या बाईला हे माहीतच नाही. तुझा मोबाइल बसमध्ये राहिला, दुकानातल्या पोरानं हातात घेतला, तर?

आणि गंमत बघ. अकरा दिवस तुझ्या त्याच अ‍ॅपमध्ये आजींच्या नावापुढे 'ऑफलाइन' लिहून येत असणार. ऑफलाइन म्हणजे यंत्र बाहेर पोचत नाही, एवढंच. चित्रात बिघाड नाही, मुलीच्या मोबाइलमध्ये बिघाड नाही. उत्तर तुझ्या खिशात होतं आणि तू आजींचं अ‍ॅप पुसत बसलास.

बारीकसारीक कामं या कागदावर लिहून ठेवलीत. डीव्हीआर इन्व्हर्टरवर आहे, राउटर साध्या प्लगवर. लाइट गेली की कॅमेरे जागे आणि रस्ता बंद. राउटर इन्व्हर्टरवर घे. डीव्हीआरचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेव, म्हणजे उद्या तो दुसऱ्या कुणाला जाणार नाही. परदेशातून चित्र अडखळतं म्हणते ती. चारही कॅमेरे मेन स्ट्रीमवर टाकलेस, एकेक चार एमबीपीएस, सोळा झाले, वर चढायला आजींच्या प्लॅनमध्ये तेवढी जागा कुठाय? मोबाइलसाठी सब स्ट्रीम लाव. डीएमझेड आणि ते चार पोर्ट आज रात्रीच बंद. डीव्हीआरवर मुलीसाठी वेगळं नाव काढ, फक्त बघण्यापुरतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आजी ठरवतील, त्यांच्या वहीत त्याच लिहितील, आणि त्या लिहीत असताना तू भिंतीकडे तोंड करून उभा राहशील.

आता मोबाइल काढ. इथे, माझ्यासमोर. अ‍ॅप उघड. आजींचं घर शोध. सेटिंग. खाली, अजून खाली. 'यंत्र काढून टाका.' दाब. 'नक्की?' विचारतंय ना? मग हो म्हण की.

गेलं?

आता ती यादी वर सरकव. बाकीची घरं किती आहेत? मोठ्यानं मोज. ...बारा, तेरा. थांबू नकोस. ...एकोणीस. मेडिकल, गोठा, तो डॉक्टर, शाळेची मुख्याध्यापिका. सव्वीस.

बस आता. चहा घे. आणि पहिल्या घराला फोन लाव, त्यांना सांग, उद्या किती वाजता येतोस ते. स्पीकरवर ठेव.